तपासणी खोलीतली किटली

दूध म्हणजे औषध, असं आमच्याकडे सगळेच मानतात. पोरगं भाजलं, दूध लावा. भिंतीचा चुना डोळ्यात उडाला, दूध घाला. पोटात आग, घशात खवखव, रात्री झोप नाही, सगळ्यावर दूधच. हॉलंडच्या उत्तरेला, आमच्या फ्रीसलंडात माणसांपेक्षा गाई जास्त, त्यामुळे दुधाविरुद्ध बोलायची सोय नाही. मीही काही वेगळा नव्हतो. गावच्या सहकारी डेअरीच्या धक्क्यावर माझं आयुष्य गेलं. शेतकऱ्यांचे कॅन उतरवून घ्यायचे, वजन करायचं, पळीने ढवळून नमुना बाटलीत भरायचा आणि मागच्या तपासणी खोलीत पाठवायचा. तिथे माझी भाची सित्स्के दुधाचं फॅट काढायची.

फॅटवर भाव ठरतो, म्हणून त्या खोलीला गावात चर्चच्या खालोखाल मान. ज्याच्या दुधाला फॅट कमी लागलं तो रविवारी सित्स्केच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, दाउत्सेनला ओळख द्यायचा नाही. जणू तिनेच त्याच्या गाईचा चारा खाल्ला होता.

काम तसं रोजचंच, पण पोरखेळ नव्हे. जाड काचेच्या नळीत आधी सल्फ्युरिक ॲसिड घ्यायचं. ते वेताच्या टोपलीत ठेवलेल्या मोठ्या बाटलीतून यायचं, तेलासारखं जड, दिसायला पाण्याइतकं साधं. मग त्यावर काठाकाठाने दूध सोडायचं, घाई न करता. वरून थोडं अल्कोहोल. मग रबरी बूच घट्ट बसवायचं, नळी फडक्यात गुंडाळायची, बुचाचं तोंड आपल्यापासून लांब धरायचं आणि हलवायचं. बघता बघता दूध चॉकलेटी होतं आणि नळी इतकी तापते की फडकं नसेल तर हातात धरवत नाही. ॲसिड दुधातलं बाकी सगळं खातं, चरबी तेवढी वर उरते. ती मोजायची.

सित्स्के जपून काम करणारी पोरगी. बाही मनगटापर्यंत, केस बांधलेले, मेजावर सांडलेला थेंबही ती दुधाचा आहे असं समजायची नाही. पण बुचं जुनी झाली होती. ॲसिडने फुगून, पिचून त्यांची पकड गेली होती. नवी मागवा म्हणून तिने डायरेक्टर आल्बर्डासाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, रबर आहे ते, पाव नव्हे शिळा व्हायला. चष्मा होता एक, डोळे झाकणारा, खिळ्याला टांगलेला. त्याच्या काचा इतक्या चरे पडलेल्या की तो घालून नळीवरची रेघ वाचता यायची नाही, आणि रेघ चुकली की शेतकरी दारात. त्यामुळे चष्मा खिळ्यालाच असायचा.

आणि त्या हिवाळ्यात खोलीतला नळ गेला. कालवे तळापर्यंत गोठले होते, तिथे भिंतीतल्या पाइपाचं काय? फुटला. आल्बर्डासाहेबांनी पाणी बंद करवलं आणि दुरुस्तीचं वार्षिक सभेनंतर बघू म्हणाले. तोवर सित्स्के बादलीने पाणी आणायची, तेही नळ्या धुण्यापुरतं. नळाचं पितळी तोंड मात्र भिंतीत तसंच राहिलं.

बर्फ वितळायला लागलं त्या सुमारास, सकाळच्या कामात, बूच उडालं. मी धक्क्यावर होतो. आधी काच फुटल्याचा आवाज आला, मग सित्स्केचा. मी कॅन टाकून धावलो.

वाटेत चीजचा हॉल लागतो. दाउत्सेन तिथे कामाला होती. हॉलच्या फरशीवर पाण्याचा रबरी पाइप पडला होता, चालूच, आणि पाणी भसाभस गटारात चाललं होतं. मी तो ओलांडून पुढे गेलो. तपासणी खोलीत सित्स्के जमिनीवर बसली होती आणि दाउत्सेन तिच्यापुढे गुडघ्यावर. चीजच्या टाकीतलं दूध मगात घेऊन तिने पोरीच्या तोंडावर एकदा ओतलं होतं, आणि आता डोक्याचा रुमाल दुधात भिजवून उजव्या डोळ्यावर घट्ट बांधत होती. सित्स्केचा एक हात अजून नळाच्या चावीवर होता. आंधळेपणाने ती तो नळ फिरवत बसली होती.

साहेबांच्या गाडीतून लेवार्डनला, शहरातल्या इस्पितळात नेलं. दाउत्सेनने दुधाची बाटली बरोबर घेतली होती. रुमाल सुकला की त्यावर थोडं दूध सोडायची आणि विचारायची, गार वाटतंय ना गं? सित्स्के म्हणायची, जळतंय. ते ॲसिड निघतंय म्हणून जळतंय, असं माझी बहीण म्हणाली. पुढच्या सीटवर बसून मलाही ते पटलं.

डोळा गेला. काढावाच लागला.

नंतर डॉक्टर आले तेव्हा दाउत्सेन खाली कॉफी प्यायला गेली होती, खोलीत मी आणि सित्स्के होतो. भला माणूस होता तो. धुतलं कशाने, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला की पाणी हवं होतं. त्याच मिनिटाला, पापण्या उघड्या धरून, भरपूर वाहतं पाणी, पाव तास तरी. वाहतं पाणी ॲसिडही नेतं आणि उष्णताही नेते. मगभर दूध काहीच नेत नाही, आणि वरून रुमाल बांधला की सगळं आतच कोंडतं.

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच सित्स्केला कळलं होतं. ॲसिडवर दूध पडलं की काय होतं हे आमच्या गावात तिच्याएवढं कोणाला ठाऊक? रोज सकाळी तेच तर करत होती ती.

डॉक्टर गेल्यावर तिने माझा हात धरला. "मामा, आईला हे कधीच कळता कामा नये."

मी म्हटलं, बरं.

"बरं नको. शपथ घे."

मी घेतली. मला तेव्हा वाटलं, यात काय अवघड आहे. गप्प बसायला आम्हा फ्रिसियन लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. पण गाव गप्प बसलं नाही ना. गावाने दाउत्सेनला डोक्यावर घेतलं.

पहिल्यांदा पाद्रीबुवांनी प्रार्थनेत आईच्या हाताचा उल्लेख केला. मग दुकानात, सायकलवरून जाताना, सगळे तिला थांबवायचे. दाउत्सेन, तू होतीस म्हणून पोरीचा चेहरा वाचला. फॅटवरून तोंड फिरवणारे शेतकरीसुद्धा टोपी काढायला लागले. माझी बहीण आयुष्यभर लाकडी बूट घालून चीजच्या पाण्यात उभी राहिलेली बाई. नवरा लवकर गेला, कोणी कधी चांगलं म्हटलं नाही. ती पहिल्यांदाच ताठ चालायला लागली. ते बघून बरं वाटायचं, आणि तिच्याशी बोलताना मी नजर टाळायचो.

वार्षिक सभेत आल्बर्डासाहेबांनी भाषण केलं. प्रसंगावधान, मातृहृदय, आपल्या डेअरीचं दूध. ट्यूलिपचा गुच्छ दिला. मग जाहीर केलं की यापुढे तपासणी खोलीत एनॅमलची पांढरी किटली रोज ताज्या दुधाने भरून ठेवली जाईल, आणि ती भरायचा मान दाउत्सेनचा. टाळ्या वाजल्या. नळाचं कोणी काढलंच नाही. किटली आली म्हटल्यावर नळाची घाई कशाला? बुचं मात्र नवी आली, साहेबांचा एवढा उपकार.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो आणि टोपी न काढताच म्हटलं की तो नळ चालू असता तर पोरीचा डोळा राहिला असता, आणि हे मी वर कळवणार आहे. कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी लोक येऊ देत.

साहेबांनी मला बसायला सांगितलं. सिगार पुढे केला. मी घेतला नाही.

"येऊ देत की, हेसेल," ते म्हणाले. "येतील, नळ बघतील. मला दंड होईल. मग विचारतील, शेजारच्या हॉलमध्ये पाणी होतं का? पाइप कोणाच्या हातात होता? आणि तिने तो टाकून काय उचललं? तुझ्या बहिणीला हे प्रश्न मी विचारू की तू विचारशील?"

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळं माहीत असून त्यांनी ती फुलं दिली होती. माणूस इतका नीच असू शकतो आणि वर इतक्या मऊ आवाजात बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी उठलो आणि धक्क्यावर जाऊन कॅन आपटत बसलो. दुसरं काय करणार होतो?

सित्स्केला काचेचा डोळा बसवला आणि लोण्याच्या वड्या कागदात गुंडाळायच्या कामाला लावलं. रविवारी चर्चनंतर आम्ही दाउत्सेनकडे कॉफीला जमायचो. कोणी नवीन पाहुणा असला की ती गोष्ट पुन्हा व्हायची. कशी किंकाळी ऐकली, कसा हातातला पाइप फेकला, कसं दूध घेऊन धावले. पाइपाचं ती आवर्जून सांगायची, आपली चपळाई दिसावी म्हणून. मी साखरपाव चावत राहायचो, तोंडात नुसता फिरायचा. सित्स्के शेजारी बसून ऐकायची आणि हसायची सुद्धा. त्या दिवसापासून ती कॉफीत दूध घेत नव्हती. आई म्हणायची, वजनाची काळजी करते.

एकदा परत जाताना मी तिला म्हटलं की हे मला सोसत नाही.

"तुला कशाला सोसायला हवं?" ती म्हणाली. "डोळा माझा गेलाय. तो आईला फुकट देऊन टाकला असं समज. तिला काय मिळालंय आजवर?"

मी घरी आलो आणि कुत्र्यावर ओरडलो.

तपासणी खोलीत सित्स्केच्या जागी नीन्के आली होती. लग्न झालेली, घरी तान्हं मूल, कामाला चोख. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाटलीतून ॲसिड काढताना तिच्या बाहीवर शिंतोडा उडाला आणि कापडातून मनगटावर उतरला. शिकवलं होतं तसंच तिने केलं. किटलीत हात बुडवला. दाउत्सेन धावत आली आणि तो हात दुधात दाबून धरून उभी राहिली. घाबरू नकोस, माझ्या लेकीला यानेच वाचवलं. ओली बाहीसुद्धा काढली नाही कोणी. दुसऱ्या दिवशी मी नमुने घेऊन गेलो तर नीन्केचा हात कोपरापर्यंत बांधलेला. डॉक्टर म्हणाले होते की खूप आत गेलंय, बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही सांगता येत नाही. ती म्हणाली, दूध नसतं तर हातच गेला असता, नाही?

एका डोळ्यापुरतं गप्प बसायची मी शपथ घेतली होती. दुसऱ्या बाईच्या हाताची त्यात गोष्ट नव्हती.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दाउत्सेन किटली बदलायला खोलीत आली. नीन्के बाळाला पाजायला घरी गेली होती. मी दार लावून घेतलं आणि बोललो. नीट बोलायचं ठरवलं होतं, पण मला नीट बोलता येत नाही. म्हटलं, ओत ते दूध गटारात. पाणी लागतं ॲसिडला. लेवार्डनच्या डॉक्टरने सांगितलंय.

तिने किटली खाली ठेवली नाही. उलट छातीशी धरली.

"कधी सांगितलं?"

"तेव्हाच."

"आणि तू आज सांगतोस?" ती हसली. "तुला फुलं मिळाली नाहीत म्हणून जळतोस तू. लहानपणापासून असाच आहेस. माझ्या वाढदिवसाला तुझं पोट दुखायचं."

मी आवाज चढवला. तीही काही कमी नव्हती. शहरातल्या डॉक्टरांना गाय कुठून दूध देते ते ठाऊक नसतं, म्हणाली. सित्स्केला अंगावरचं दूध पाजून वाढवलंय मी, दुधाने कोणाचं वाईट होत नाही, आणि माझ्या पोरीला विचार, ती सांगेल तुला.

सित्स्के दारात उभी होती. आमचा आवाज पार लोण्याच्या खोलीपर्यंत गेला असणार. मला वाटलं, आता ती मला झापणार, शपथ मोडली म्हणून. पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती नीन्केच्या मेजाकडे बघत होती. तिथे मलमपट्टीचा उरलेला तुकडा पडला होता.

"सांग गं याला," दाउत्सेन म्हणाली.

सित्स्केने बाह्या खाली ओढल्या आणि केस बांधले. खिळ्यावरचा चष्मा काढून तिने डोळ्यांवर चढवला, एक खरा आणि एक काचेचा, दोन्हींवर. आम्हाला भिंतीशी सरकून उभं राहायला सांगितलं. मग नळी घेतली. आधी ॲसिड. मग आईच्या हातातली किटली मागून घेतली आणि त्यातलं दूध काठाकाठाने सोडलं. एक डोळा गेल्यापासून तिला अंतराचा अंदाज येत नसे, तरी थेंब सांडला नाही. अल्कोहोल, नवं बूच. फडक्यात गुंडाळून, तोंड लांब धरून तिने नळी हलवली. मग फडकं सोडलं.

"आई, हात पुढे कर."

दाउत्सेन एवढी वर्षं शेजारच्याच हॉलमध्ये होती, पण फॅटची नळी तिने कधी हातात घेतली नव्हती. ते वरच्या दर्जाचं काम. तिने हात पुढे केला. सित्स्केने नळी तिच्या तळव्यावर ठेवली.

आधी ती नुसती दचकली, अचानक चटका बसल्यावर माणूस दचकतो तशी. मग ती नळीकडे बघायला लागली. आत सगळं तपकिरी झालं होतं. तिने किटलीकडे पाहिलं, मग सित्स्केच्या उजव्या डोळ्याकडे. मी बघत होतो, तिला एकेक गोष्ट कळत गेली. रुमाल. गाडी. बाटलीतून सोडलेलं दूध. गार वाटतंय ना गं.

"आता ठेव खाली," सित्स्के म्हणाली.

तिने ठेवली नाही. मूठ मिटली.

"आई, ठेव."

तिने ती आणखी घट्ट मिटली. मी पुढे झालो आणि फडक्याने धरून तिची बोटं एकेक सोडवली. माझी बहीण दणकट बाई, जोर लावावा लागला. नळी आम्ही मेजावरच्या खाचेत ठेवली. तळवा लाल झाला होता.

सित्स्केने चष्मा काढून खिळ्याला लावला आणि आईला मनगटाला धरून चीजच्या हॉलमध्ये नेलं. सगळे जेवायला गेलेले, हॉल रिकामा. पाइप भिंतीशी वेटोळं करून ठेवला होता. तिने तो सोडला, चावी पूर्ण फिरवली आणि आईचा हात पाण्याखाली धरला. पाणी दोघींच्या लाकडी बुटांवरून गटारात वाहत होतं.

दाउत्सेन म्हणाली, "पाइप हातातच होता माझ्या."

आईने हात काढून घ्यायचा प्रयत्न केला, तशी सित्स्केने तो पुन्हा पाण्याखाली ओढला.

"अजून पाव तास झाला नाही," ती म्हणाली.